शेंबड्याची दृष्ट

लालासाहेबांच्या डोक्यात सिनेमाचं खूळ शिरलं आणि ऊस कारखान्यावर गेल्या गेल्या ते पुण्याहून कॅमेरा घेऊन आले. सिनेमा तरी कसला, तर शेंबडाचा! पलटणीतून घरी आलेला एक म्हातारा जोरात शिंकतो, शेंबडाचा गोळा भुईवर पडतो आणि त्याचं हिरवंगार पोर होऊन ‘आबा, आबा’ करत त्याच्या मागं लागतं. म्हातारा खराखुरा, पोर मात्र चित्रातलं. म्हाताऱ्याचं काम नाथाजी सुभेदारानं हौसेनं पत्करलं. चित्रांसाठी सांगलीत थेटरांचे बोर्ड रंगवणारा अर्जुना पेंटर धरला.

अर्जुनाच्या घरात त्या दिवसांत निराळंच चाललं होतं. दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरं जगलं, तर बायको हरणाबाई त्याला कुणाच्या नजरेला पडू देईना. कुंची नाकापर्यंत ओढलेली, गालावर काजळाचं बोट. सख्ख्या जावेनंसुद्धा पोराचं तोंड बघितलं नव्हतं. बारसंही नाही; नाव ठेवलं की लोक हाका मारणार आणि हाकेमागून नजर येणार. फोटोचं तर बोलायचंच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईचीच नजर आधी लागते, हे तिच्या मनानं घेतलेलं. पोराला पाजायची तीसुद्धा मान वळवून. ते बघून अर्जुनाचं काळीज तुटायचं, पण बोलायची सोय नव्हती.

पाळण्याशेजारी बसूनच तो चित्रं काढायचा. एका शिंकेला चित्रांची ही चळत लागायची. हात जमले, पाय जमले, लोंबणारा शेंबूड तर झकास जमला, पण तोंड काही जमेना. लालासाहेबांचं म्हणणं, बघून किळस यावी आणि उचलूनही घ्यावंसं वाटावं, असं तोंड पाहिजे. आता असं तोंड आणायचं कुठून? एक दिवस हातानंच ते काढलं. गोबरे गाल, वरून दुमडलेला डावा कान. काढून झाल्यावर अर्जुनाला कळलं, हे तर आपलंच लेकरू. फाडायला कागद उचलला आणि तसाच खाली ठेवला. पोटच्या पोराचं तोंड कोण फाडील हो?

खेळ लागला मेढ्याकडच्या जत्रेत, तंबूत. तिकडं हरणाबाईचं माहेर. जावयाचं काम बघायचंच म्हणून तिची आई भामाबाई हट्टाला पेटली आणि दिवेलागणीला दोघींना घेऊन अर्जुना तंबूत बसला. हरणाबाईच्या पदराखाली पोर. अर्जुनाचा जीव मुठीत. कान दिसला की संपलंच, एवढं एकच त्याच्या डोक्यात.

नाथाजी शिंकला. गोळा थपकन पडला, त्याला पाय फुटले, आणि पोर वळून पडदाभर हसलं. हरणाबाई ताठ झाली.

"ह्ये आपलं हाय," ती म्हणाली.

अर्जुनानं नुसती मान हलवली.

"समद्या जत्रंम्होरं मांडलंसा?"

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की त्यापेक्षा तिनं शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या. तो माफी मागणार, तेवढ्यात पडद्यावरच्या पोरानं नाक म्हाताऱ्याच्या मिशीला पुसलं आणि त्याचा मटकन मुका घेतला. अख्खा तंबू किळसला. पुढचे थुंकले, मागचे थुंकले, बाया तोंडाला पदर लावून थुंकल्या. भामाबाई तर पुन्हा पुन्हा थुंकली. नातवाचं तोंड तिनंही कधी बघितलं नव्हतं, तिला बिचारीला काय ठाऊक.

हरणाबाई ऐकत राहिली. रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून ती एकटीच पोरावरून थू थू करायची, आणि तरी भ्यायची. इथं सगळी जत्रा तिच्या लेकरावरून थुंकत होती. अशी दृष्ट कुठल्या राजाच्या पोराची निघाली होती?

तिनं पदर सारला. कुंची मागं ओढली. पडद्याच्या उजेडात पोराचं तोंड उघडं पडलं. गालावर काजळ, आणि नाक खरोखरच वाहत होतं. ते तिनं पदरानं पुसलं आणि जत्रेबरोबर तीही हळूच थुंकली. मग हसू आणि रडू तिला एकदमच आलं.

"शेंबड्या," तिनं हाक मारली.

जन्मल्यापासून पोराला कुणी मारलेली ती पहिली हाक. त्यानं आईकडं टकामका बघितलं, आणि या खेपेला तिनं मान वळवली नाही.