आधी किल्ली काढायची

प्रशिक्षण नेमकं कशाचं, हेच कोणाला धड कळलं नव्हतं. शाळेच्या फळ्यावर 'सुरक्षा व वैद्यकीय प्रशिक्षण, सर्व बसचालक व मदतनीस' एवढंच लिहिलं होतं. निम्म्या चालकांनी अर्थ लावला की आग विझवायला शिकवणार. उरलेल्यांना वाटलं, फुकट औषधं वाटणार. आणि गाड्यांच्या मिस्त्रीने आदल्या दिवशी बॉनेटखालून डोकं बाहेर काढून जाहीर केलं, "वैद्यकीय म्हणजे तपासणी. सगळ्यांचं रक्त काढणार. ज्याला साखर निघेल त्याच्या हातातलं स्टेअरिंग गेलं म्हणून समजा." गाडीच्या पोटातलं सगळं कळतं म्हणजे माणसाच्या पोटातलंही कळतं, असा त्या मिस्त्रीचा ठाम समज होता. गंमत म्हणजे बाकीच्यांचाही होता.

चालकांपैकी भोंगाकाकांनी मात्र ते फारच मनावर घेतलं. कारण साखर होती, आणि चांगली मुरलेली होती.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि काकांनी त्या शाळेपासून लपवल्या होत्या. घरी त्या शिवणाच्या डब्यात बटणांखाली असत. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं काका म्हणत. त्यावर बायको म्हणे, "मुठीत काय आहे ते डॉक्टरांना माहीत, मला माहीत. फक्त ज्यांची पोरं तुम्ही नेता त्यांना माहीत नाही." काका मग विषय बदलत. शाळेचा नियम साधा होता. साखर असलेल्याने तसं कळवायचं, डॉक्टरांचा दाखला आणायचा आणि तो येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. असा दाखला आणायला गेलेला एक चालक काकांनी पाहिला होता. तो आता शाळेचं फाटक उघडायचा, आणि बस आत येताना तिच्याकडे न बघता दुसरीकडे बघायचा.

भोंगाकाकांना ते जमलं नसतं. गाडी हेच त्यांचं घर होतं, असं म्हटलं तर बायको रागावेल, पण खोटं नाही. प्रत्येक थांब्यावर ते असा लांबलचक हॉर्न देत की घरातल्या पोराला दुसरा मोजा सापडे. पालकांनी तक्रारी केल्या, शाळेने समज दिली, हॉर्न काही थांबला नाही. पोरांनी नाव ठेवलं भोंगाकाका आणि ते मोठ्यांनाही चिकटलं. गाडीत दाराशी बसणारी मदतनीस बाई वयाने काकांहून बरीच लहान, पण ती सगळ्यांची मावशी, म्हणून काकाही तिला मावशी म्हणत आणि ती त्यांना काका. नात्याचा हा घोळ वर्षानुवर्षं सुखाने चालला होता.

तर काकांनी अक्कल लढवली. रात्री जेवले नाहीत. सकाळी न्याहारीला शिवले नाहीत. आणि एका गोळीच्या जागी दोन घेतल्या. पोटात काही गेलंच नाही तर रक्तात साखर येईल कुठून, आणि आलीच तर दुसरी गोळी बघून घेईल, असा त्यांचा हिशेब.

"अहो, गोळी जेवणाआधीची आहे, जेवणाऐवजीची नाही," बायको दारातून ओरडली.

"आजच्या दिवस गं," म्हणत काका निघाले.

सकाळची फेरी कशीबशी पार पडली. एका थांब्यावर काका हॉर्न देत देत थांब्याच्या पुढेच निघून गेले. मावशीने दांड्यावर हात आपटला तेव्हा ब्रेक लागला. एक मुलगी दप्तर सांभाळत पळत आली. काका तिला "सॉरी हं बाळ" म्हणाले आणि आरशात बघत राहिले, कारण आपण थांबा विसरलो कसा हे त्यांना कळेना.

शाळेच्या सभागृहात सगळे जमले तेव्हा शिकवायला आलेल्या नर्सबाईंच्या टेबलावर पट्ट्या, कात्री, ग्लुकोजची पुडकी आणि एक बिनपायांची रबरी बाहुली होती. सुया नव्हत्या. रक्त ठेवायच्या बाटल्या नव्हत्या. काकांनी दोनदा नजर फिरवली. शेवटी न राहवून हात वर करून त्यांनी विचारलं, "बाई, रक्त कधी काढणार?"

नर्सबाई गोंधळल्या. "कोणाचं?"

"आमचं."

"मी कशाला काढू तुमचं रक्त? मला तुम्हाला पट्टी बांधायला शिकवायचंय."

सगळे हसले. मिस्त्री मागच्या रांगेत खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. काकांना एवढं हायसं वाटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. निदान ते हायसं वाटल्याचेच काजवे आहेत, असं त्यांनी धरलं. चहा आणि बिस्किटं मध्यंतरात होती. मध्यंतर कधी होतं, ते मघाशी सांगितलं होतं, पण आता आठवत नव्हतं.

नर्सबाई बोलत होत्या आणि शब्द काकांच्या कानाशी येऊन थांबत होते, आत शिरत नव्हते. जखमी मुलाला हलवायचं नाही. पण गाडीतून धूर येत असेल तर आधी हलवायचं. श्वास नसेल तर छाती दाबायची. श्वास असेल तर दाबायची नाही. काकांची पाळी आली तेव्हा त्यांनी बाहुलीची छाती न दाबता तिला थोपटलं. शेजारचा म्हणाला, "झोपवतोयस का तिला?" आणि पुन्हा हशा पिकला. काकाही हसले. कशाला हसतोय ते मात्र कळलं नाही.

"आता सगळ्यात अवघड भाग," नर्सबाई म्हणाल्या. "मुलाला नाही, चालकालाच काही झालं तर? मावशी मंडळींनी नीट ऐका. आधी किल्ली काढायची. मग मुलं सांभाळायची, मदत बोलवायची, मग चालकाकडे बघायचं. साखर उतरलेला माणूस घामाघूम होतो, भलतंच बोलतो आणि वर सांगतो की मला काहीही झालेलं नाही. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर त्याला साखर द्यायची. पण किल्ली आधी. करून बघू या. चालक कोण होतंय?"

"भोंगा!" चारी बाजूंनी ओरडा झाला. "त्याला आधीच घाम फुटलाय!"

फुटलाच होता. सदरा पाठीला चिकटला होता. काका "नको नको" म्हणत असतानाच पोरांना ढकलावं तसं त्यांना अंगणातल्या त्यांच्याच गाडीपर्यंत ढकलत नेलं गेलं. नर्सबाईंनी पायरीवरून सूचना दिल्या. मान टाकायची, असंबद्ध बोलायचं. "आणि खरंच काही त्रास झाला तर डावा हात वर करा, नाटक तिथेच थांबेल."

बाकीचे चालक मुलांच्या सीटवर बसले. गुडघे हनुवटीला टेकत होते. काकांनी सवयीने किल्ली फिरवली, इंजिन सुरू न करता, आणि आरसा नीट केला.

आरशात मिशा दिसल्या. टक्कल दिसलं. काका बघतच राहिले. ही कोणाची मुलं? एवढी मोठी कधी झाली? रोज नेतो-आणतो आणि आपल्याला पत्ताच नाही.

"काका, बरं वाटत नाहीये का?" कोणीतरी विचारलं.

"मला काही झालेलं नाही," काका म्हणाले.

मागे शिट्ट्या वाजल्या. "वा रे पठ्ठ्या!"

"बसमध्ये मुलं किती आहेत, काका?" पायरीवरच्या पांढऱ्या कपड्यातल्या बाईंनी विचारलं.

"सगळी आहेत." काकांचा आवाज त्यांचा त्यांनाच दुरून आल्यासारखा वाटला. "हळू बोला. चिमणी झोपलीय मागच्या सीटवर."

चिमणी काकांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षीची पोरगी. रोज परतीच्या फेरीत मागच्या सीटवर झोपायची आणि काका तिला दारापर्यंत उचलून न्यायचे. ती शाळा संपवून जाऊन जमाना झाला होता. गाडीतल्या नव्या लोकांना चिमणी कोण ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते पोट धरून हसले. ज्यांना ठाऊक होतं, ते तर डोळे पुसून हसले. काकांना त्या हसण्याचा राग आला. पोर जागी होईल की!

मग त्यांना आठवलं की हात वर करायचा आहे. कोणता तरी एक. का, ते आठवेना. दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि त्यातला डावा कुठला, हे त्यांना सांगता येईना. ते ओरडणार होते, पण तोंड उघडेना, म्हणून मग त्यांच्या तळव्याने आयुष्यभर केलं तेच केलं. हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही.

"भोंगा तो भोंगाच!" मागून कोणीतरी म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मावशी हसली नाही. तिने पुढे वाकून किल्ली काढली. काकांनी तिचं मनगट धरलं. "ओ बाई, तुम्ही कोण? पालकांनी गाडीत चढायचं नसतं."

मावशीचा चेहरा पांढरा पडला. तिने मनगट सोडवून घेतलं, नर्सबाईंच्या हातातलं ग्लुकोजचं पुडकं ओढलं, दाताने फाडलं आणि आपल्या बाटलीतल्या पाण्यात ओतलं.

"अहो, नुसतं दाखवायचंय," नर्सबाई म्हणाल्या.

"दाखवतेच आहे," मावशी म्हणाली आणि बाटली काकांच्या तोंडाला लावली. "काका, घोट घ्या. घ्या म्हणते ना."

काका प्यायले. थोडं सदऱ्यावर सांडलं. नर्सबाई मागे वळून बाकीच्यांना समजावत होत्या, बघा, किल्ली आधी, मग साखर, मावशींनी अगदी बरोबर केलं. पुन्हा टाळ्या झाल्या.

मध्यंतरात काकांनी बिस्किटं खाल्ली, आणखी मागून खाल्ली. जग हळूहळू जागेवर आलं. आधी टेबल आलं, मग लोक, मग लोकांची नावं. जो तो येऊन पाठीवर थाप मारत होता. "घाम कसा आणलास रे?" "हॉर्न तर कहर होता!" नर्सबाईसुद्धा म्हणाल्या, "पुढच्या शाळेत तुम्हालाच घेऊन जाते." काका हो हो म्हणत होते आणि डोक्यात घोळ चालला होता. नाटक करायला आपण बसलो, एवढं आठवत होतं. उठल्याचं आठवत होतं. मधलं केलं कोणी? आपणच केलं असेल. एवढ्या लोकांना वाटतंय तर केलंच असेल. लोकांचं खरं मानलं तर सगळं होतं तसं राहत होतं. रक्त काढलं नाही, दाखला मागितला नाही आणि वर कौतुक झालं. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत.

दुपारी शाळा सुटायच्या आधी काका गाडीकडे गेले तर मावशी दारात बसलेली. किल्ली तिच्याकडेच होती.

"द्या," काका म्हणाले.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत."

"नाटक होतं हो ते, मावशी."

"खरंच?"

काकांनी किल्लीसाठी हात पुढे केला. हो म्हणायचं होतं. पण हो म्हणण्याइतकंही त्यांना आठवत नव्हतं.

"मागे एकदा तुम्ही गाडी नदीकडे वळवलीत," मावशी हळूच म्हणाली. "रस्ता आपला नव्हता. मुलं घाबरली. मी सांगितलं, काका आज तुम्हाला नदी दाखवणार आहेत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीसुद्धा हसलात. ते पण नाटक होतं का?"

काकांना नदी आठवली. वाटेत काम चालू आहे म्हणून वळलो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. काम चालू होतं का? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला आणि तिथे काहीच नव्हतं. फक्त नदी होती, आणि मागून मुलांच्या टाळ्या.

"मी आज कोणाला काही सांगणार नाही," मावशी म्हणाली. "पण टाळ्याही वाजवायला लावणार नाही." तिने किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि तोंड फिरवलं. ती रडत होती.

किल्ली ग्लुकोजने चिकट झाली होती. वर्गांतून बाकं सरकल्याचे आवाज यायला लागले. अजून थोड्या वेळाने पोरं पळत येतील, मोजे घसरलेले, दप्तरं उघडी. काकांना वाटलं, एकच फेरी. आज पोटभर खाल्लंय. उद्यापासून गोळ्या नीट घेऊ. मग त्यांची नजर मागच्या सीटवर गेली. तिथे कोणी झोपलेलं नव्हतं, हे आता त्यांना दिसत होतं. पण सकाळी तिथे झोपलेली चिमणी तितक्याच खात्रीने दिसली होती, आणि कुठलं दिसणं खरं हे ओळखायची खूण त्यांच्यापाशी नव्हती. त्यांना भयंकर भीती वाटली. नोकरीची नाही. त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

सभागृहात नर्सबाई बाहुलीला पिशवीत भरत होत्या.

"बाई, मघाशी ते नाटक नव्हतं."

नर्सबाई खळखळून हसल्या. "अजून चालूच का, काका? पुरे आता, हसून पोट दुखलं माझं."

काका हसले नाहीत. समजावून सांगायचं कसं, तेही त्यांना उमगेना. बटणांखालच्या गोळ्यांपासून सुरू करावं की नदीपासून? त्यांनी बाईंचा हात धरला आणि तळव्यावर किल्ली ठेवली.

"आधी किल्ली काढायची," काका म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत."

नर्सबाईंचं हसू थांबलं. त्यांनी चिकट किल्लीकडे पाहिलं, काकांच्या सदऱ्यावरच्या वाळलेल्या डागाकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. काका बसले. बाहेर घंटा झाली आणि अंगणात एकदम गलका उठला. कोणीतरी "भोंगाकाकाऽऽ" अशी हाक मारत होतं.

बाईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मग, बहुधा दुसरं काही सुचलं नाही म्हणून, सकाळचाच प्रश्न विचारला. आता आवाज अगदी मऊ होता. "काका, बसमध्ये मुलं किती आहेत?"

"एकही नाही, बाई," काका म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या उत्तराची खात्री होती, आणि ते देताना त्यांना रडू फुटलं.