पुन्हा भरलेली काडतुसं

अल्विन रुस्टाडच्या डोळ्यांचा मधला भागच गेला होता. कडेचं सगळं दिसे. समोर कुणी उभं राहिलं की त्याचे कान दिसत, टोपीची कड दिसे, पण चेहऱ्याच्या जागी नुसता करडा ढग. बिलिंग्ज शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं, त्याने चालवणं सोडलं. बारीक अक्षरांचं काही वाचू नका म्हणाल्या, तेही ऐकलं. गॅरेजमधल्या लाकडी बाकाविषयी त्या काही बोलल्या नाहीत आणि अल्विनने विचारलं नाही.

त्या बाकावर तो चाळीस वर्षं काडतुसं भरत आला होता. बार उडाला की लोक पितळी पुंगळी टाकून देतात, अल्विन ती उचलून आणी. धुवायची, पुसायची, जुनी ठिणगीची टोपी काढून नवी बसवायची, बंदुकीची दारू तोलून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. मसलशेल नदीच्या त्या खोऱ्यात अशी माणसं घरोघर होती, पण अल्विनचा हात वेगळा. बायको हयात असताना म्हणायची, "आमच्या चर्चमधली भांडीसुद्धा इतकी चकचकीत नसतात." हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला की तो दोघांपुरती काडतुसं भरे, स्वतःसाठी आणि मर्ल किंकेडसाठी. मर्ल त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. मर्लने आयुष्यात दुकानातलं काडतूस विकत घेतलं नव्हतं.

आणि त्याच मर्लने गेल्या रविवारी नेमबाजीच्या मैदानावर या वर्षीचा काडतुसांचा डबा परत केला होता. तोही चारचौघांसमोर. "राग मानू नकोस गड्या," तो म्हणाला, "पण आंधळ्याने भरलेलं काडतूस मी माझ्या बंदुकीत घालणार नाही."

अल्विनने डबा उचलला, मर्लच्याच पिकअपमध्ये बसला आणि घर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून राहिला.

शनिवारी सकाळी त्याची लेक कोरीन स्पोकेनहून आली. एकटी नाही, मागोमाग दुसरी गाडी घेऊन. त्यातून उतरलेला माणूस थेट गॅरेजमध्ये शिरला आणि गोळी दाबून बसवायच्या प्रेसच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाला, "चांगलं जपलंय हो."

"हात काढ," अल्विन म्हणाला.

"बाबा, हे जुनी अवजारं विकत घेतात. मीच बोलावलंय यांना."

"बोलावलंस तर कॉफी पाज आणि वाटेला लाव."

"मर्लकाकांचा फोन आला होता मला."

"हं. म्हणजे माझ्या माघारी पंचायत बसली."

तो माणूस शहाणा निघाला. बापलेकीच्या तोंडांकडे पाहून त्याने ओळखलं की इथे आज सौदा होत नाही. कॉफीसुद्धा न घेता तो गेला. कोरीनने दार धाडकन लावलं.

"मग मी कुलूप घालते या गॅरेजला आणि किल्ली घेऊन जाते."

"ने की. कुलूप तोडायला डोळे लागत नाहीत."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय! एखादं काडतूस जास्त भरलं गेलं तर बंदूक हातात फुटते. हे मला लहानपणी तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं ना? मग बैस इथे. मी भरतो, तू तपास. चुकलो तर बोल."

कोरीन बापाचीच लेक. कोट न काढता स्टूल ओढून बसली. अल्विनने खांद्याएवढ्या दांड्यावर बसवलेलं मोठं भिंग ओढलं, मान तिरपी केली आणि डोळ्याच्या कडेने तराजूच्या काट्याकडे पाहिलं. तराजूच्या दांडीवरची वजनाची सरकती चकती त्याने खाचेत बसवली आणि थोडी थोडी दारू ताटलीत पाडली. कोरीन वाकून आकडा वाची. बरोबर. परत बरोबर. चारपाच वेळा झालं तेव्हा अल्विनच्या मिशीखाली हसू फुटलं.

"काय म्हणतो मर्ल? आंधळा?"

कोरीनने फळीवरचा डबा खाली घेतला, मर्लने परत केलेला.

"यातलं एक उघडा."

"त्यात काय बघायचंय?"

"मग उघडायला काय हरकत आहे?"

उघडायची हातोडी असते, पोकळ डोक्याची. काडतूस तिच्यात अडकवून लाकडावर ठोकलं की गोळी सुटी होते आणि दारू आतच पडते. अल्विनने ठोकलं. कोरीनने दारू ताटलीत ओतली, काट्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"बाबा, हे जास्त आहे."

"सांडली असेल आधीची."

"ताटली मी पुसली होती."

त्याने दुसरं ठोकलं. तेही जास्त. तिसरंही. सगळी सारखीच, एका खाचेने जास्त. अल्विनने बोट फिरवून चकती चाचपली आणि त्याच्या लक्षात आलं. तो डबा भरला त्या दिवशी चकती एक खाच पुढे बसली असणार, ती त्या करड्या ढगाआड गेली असणार, आणि तो बिनघोर शीळ घालत डबाभर काडतुसं भरत बसला असणार. एखाद्या मजबूत बंदुकीने तेवढं सोसलंही असतं. पण मर्लची बंदूक त्याच्या बापाच्या वेळची, जुनीपुराणी.

तो बराच वेळ बाकावर दोन्ही हात टेकून बसून राहिला. मर्लचा चेहरा त्याला आठवत होता. हल्लीचा दिसत नसे, पण आठवत होता.

कोरीनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या आवाजातला ताठा गेला होता. "पुरे आता, बाबा. खूप केलंत."

"आण ते सगळे डबे."

"कशाला?"

"फोडायचेत. या वर्षात भरलेलं एकही काडतूस घरात ठेवायचं नाही."

"आणि मग?"

"मग परत भरायची."

"बाबा!"

"चुकलो, कबूल. चूक माझी आहे आणि ती मी माझ्या हाताने निस्तरीन. पण चुकलो म्हणून हात बांधून खिडकीपाशी बसेन, असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखलंच नाहीस."

दुपारभर गॅरेजमधून ठोकण्याचा आवाज येत राहिला. शेजारणीने कुंपणावरून डोकावून विचारलं, काय बांधताय? अल्विन म्हणाला, बांधत नाही, मोडतोय. गोळ्या एका डब्यात, पुंगळ्या दुसऱ्यात. निघालेली दारू त्याने अंगणातल्या लायलॅकच्या झुडपाच्या बुंध्याशी पसरली. तिचं खत चांगलं होतं. कोरीन आधी नुसती बघत उभी होती. मग कोट काढून तीही ठोकायला बसली.

सगळं संपल्यावर अल्विनने मर्लला फोन लावला.

"तुझं खरं होतं," तो म्हणाला. "जास्त भरली होती. तू घातलं असतंस तर आज मी तुझ्या मयताला टोपी काढून उभा असतो."

पलीकडून मर्ल म्हणाला, "चारचौघांत बोलायला नको होतं रे मी."

"चारचौघांत बोललास म्हणून तर ऐकू आलं. आता चर्च सुटलं की उद्या इकडे ये. डोळे घेऊन ये."

"मी? मला त्या किचकट कामातलं काही कळत नाही."

"कळायला नकोच आहे. काट्यावरचा आकडा वाचायचा आणि मोठ्याने सांगायचा. बाकीचं माझे हात करतील. चाळीस वर्षं फुकट बार उडवलेस, आता जरा राब."

"लेक गॅरेजला कुलूप घालणार म्हणाली होती फोनवर. घातलं का?"

"अजून नाही," कोरीन फोनजवळ येऊन म्हणाली. "पण काका, तुम्ही नसताना हे दारूच्या डब्याला हात लावणार नाहीत. कबूल असेल तरच."

अल्विनने ओठ आवळले. कुणाच्या अटीवर जगण्याची त्याला सवय नव्हती. पण त्याने लायलॅकखाली पसरलेल्या दारूकडे पाहिलं आणि म्हणाला, "कबूल. पण प्रेसला कुणी हात लावायचा नाही. तो दांडा माझा."

महिनाभर दोन म्हातारे त्या बाकावर भांडत बसले. मर्ल आकडे ओरडे, अल्विन म्हणे, मी आंधळा आहे, बहिरा नाही. ठिणगीची टोपी नीट बसली की नाही हे अल्विन बोटाच्या पेराने सांगे आणि तिथे त्याचं कधी चुकलं नाही.

हंगामाच्या आधीच्या रविवारी दोघे मैदानावर गेले. तिथल्या बाकावर उघडून ठेवलेला डबा पाहून नेमबाजीच्या क्लबातला एकजण म्हणाला, "अल्विन, अजून सुटला नाही का नाद? आता तरी दुकानातली आणा."

"दुकानातली तू आण," अल्विन म्हणाला. "आणि लांब उभा राहा. पहिला बार मी काढणार आहे, मातीच्या बांधावर. बंदूक फुटली तर माझीच फुटू दे."

त्याने आपल्या बंदुकीकडे हात नेला. तेवढ्यात मर्लने डब्यातलं काडतूस उचललं आणि बापाच्या जुन्या बंदुकीत सरकवलं.

"अरे, काय करतोस?"

"आकडा मी वाचलाय," मर्ल म्हणाला. "मागे हो."

बार झाला. निशाणामागच्या बांधावर धूळ उडाली, आवाज टेकड्यांपर्यंत जाऊन परत आला. मर्लने बंदूक उघडली, गरम पुंगळी काढून अल्विनच्या तळहातावर ठेवली. अल्विनने ती बोटांनी फिरवली. कुठे फुगवटा नाही, चीर नाही.

"लागली कुठे?" त्याने विचारलं.

"चार बोटं डावीकडे."

"काडतूस सरळच होतं. तूच वाकडा आहेस," अल्विन म्हणाला, आणि ती पुंगळी पुन्हा भरायला खिशात टाकली.