गिअरबॉक्सचा गुन्हेगार

पोस्टमास्तरांनी घरासाठी घेतलेली जुनी गाडी वर्षभरातच भर चौकात रुसून बसली. इंजिन चालू, पण गिअर काही पडेना. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून त्यांची यथेच्छ अब्रू काढली. गाडी स्वतः पोस्टमास्तरच चालवत होते, बायको शेजारी बसली होती. तरी ढकलत ढकलत गॅरेजमध्ये पोचल्यावर त्यांनी मिस्त्रीसमोर बायकोकडे बोट दाखवलं.

"हिला गाडी शिकवली, तिथंच चुकलं माझं! गिअरबॉक्सचं पार भुसकट केलं हिनं."

बायको नर्स होती. तिचा दवाखाना गावाबाहेर, बस दिवसाला दोनच. म्हणून आठवड्यातले तीन दिवस गाडी ती न्यायची. ती एवढंच म्हणाली, "अहो, मी चालवते तेव्हा गिअरचा आवाज येत नाही."

"तुला ऐकू येत नसेल! आजपासून तू बसनं जायचं." पोस्टमास्तरांनी निकाल देऊन टाकला.

पंधरा दिवस तिनं बसचे धक्के खाल्ले. दोनदा दवाखान्यात पोचायला उशीर झाला आणि मोठ्या डॉक्टरांची बोलणी खावी लागली.

गाडी तयार झाली, तेव्हा म्हाताऱ्या मिस्त्रीनं दोघांनाही बोलावून घेतलं. "एक चक्कर मारू. आधी वहिनी, मग साहेब."

बायकोनं चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालली. मग पोस्टमास्तर बसले. त्यांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर जो विसावला, तो लाडक्या नातवाच्या डोक्यावर ठेवल्यासारखा तिथंच राहिला.

"साहेब, हात."

"काय झालं हाताला?"

"उचला! तुमचा भार आतल्या भागांवर पडतो, ते घासतात."

हात उचलला गेला आणि पुढच्या वळणावर आपोआप परत आला. असं सात वेळा झालं! गॅरेजपाशी तर गाडी पुरती थांबायच्या आतच पोस्टमास्तरांनी रिव्हर्स टाकला. कर्र्र! मिस्त्रीनं कान झाकले. मागच्या सीटवर बायको खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती.

मिस्त्रीनं जुन्या गिअरचं चाक त्यांच्या हातात दिलं. अर्धे दात झिजलेले.

"साहेब, माझ्याकडे जो तो गुन्हेगार घरूनच ठरवून येतो. बायकोनं बिघडवली, मुलीनं बिघडवली. अहो, चालवणारा बाई की बाप्या, हे गाडीला कुठं कळतं? तिला फक्त हात कळतो!"

पोस्टमास्तरांचे कान लाल झाले. आपण हिला गाडी शिकवली, आणि एकदाही स्वतःच्या हाताकडे पाहिलं नाही! त्यांनी किल्ली बायकोपुढे धरली.

"चुकलं माझं. पंधरा दिवस उगाच बसनं पाठवलं तुला."

"बसमध्ये निदान कुणी शिकवत तरी नव्हतं," ती म्हणाली आणि किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना पोस्टाच्या दारात सोडलं. सगळा स्टाफ बघत होता. "काय साहेब, आज ड्रायव्हर बदलला?" कुणीतरी टोमणा मारलाच.

"हो," पोस्टमास्तर ताठ मानेनं म्हणाले, "चांगला मिळाला म्हणून!"

मंडळी, घरात काही बिघडलं की बाईला दोषी ठरवायची आपल्याला भारी घाई असते. ती घाई सोडू या. आधी स्वतःची सवय तपासू या. यंत्रंही टिकतील आणि माणसंही!