ओटीत गेलेला दिवा

उमादेवीनं लातूरच्या वाचनालयातून ते किट घरी आणलं, तेव्हा वीरण्णांनी पेटीकडं असं बघितलं, जणू बायकोनं मांजराचं पिल्लूच उचलून आणलंय. "पुस्तकं संपली का तिथली?" एवढं बोलून ते आपल्या आडतीच्या दुकानावर निघून गेले.

पुस्तकासारखंच न्यायचं, शिकायचं आणि परत द्यायचं, असं ते किट. आत दोन छोटे दिवे, वायरी आणि मराठी माहितीपुस्तिका. दोन्ही दिव्यांची जोडी जुळवायची, मग एक आपल्या घरच्या वायफायला लावायचा, दुसरा दुसऱ्या घरच्या. मग एकावर बोट ठेवलं की दुसरा उजळतो, मग तो कितीही लांब असो. ग्रंथपाल इंदूताई दर शनिवारी दुपारी हे शिकवायच्या. वर्गात सगळी शाळेतली पोरं, आणि त्यांच्यात ही पन्नाशीची बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन वायरी खोचत बसलेली. लाज वाटली का? वाटली की. पण लेकीची आठवण यायला लागली की लाज कुठल्या कुठं पळते.

लेक म्हणजे वर्षाराणी, एकुलती एक. तिनं नांदेडजवळच्या अर्धापूरच्या केळीवाल्यांच्या पोराशी, जातीबाहेर, स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. "तिचं नाव आता माझ्या तोंडून निघणार न्हाई," असं वीरण्णा म्हणाले आणि माणूस शब्दाचा भलताच पक्का. दोन वर्षं झाली, निघालं नाही. उमादेवी फोन करायची, पण नवरा घरात असला की स्वयंपाकघरात कोपऱ्यात उभं राहून, कुजबुजत. काय जेवलीस, तब्येत कशी हाय, ठेवू का? असल्या बोलण्यानं कुठं पोट भरतं? फोन ठेवला की जीव आणखीच तुटायचा. तिला लेक हवी होती, आणि लेकीशी बोलणारा नवराही हवा होता. दोन्ही एका घरात बघायची तिची आस काही केल्या जात नव्हती.

दिवे तयार झाले तेव्हा तिनं वर्षाला बोलावून घेतलं. घरी कसं बोलावणार? मायलेकी भेटल्या लातूरच्या बसस्टँडवर, बाकड्यावर. उमादेवीनं पिशवीत ओटीचं सामान आणलं होतं: तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. दिवाही होता. तो वेगळा, हातात द्यायचा आणि 'थोड्या दिवसांनी परत आण' असं बजावायचं, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. पण ओटी भरायला लागली आणि डोळ्यांना धार लागली. नारळाच्या मागोमाग दिवाही वर्षाच्या ओढणीत गेला. वर्षानं ओटी कपाळाला लावली. समोर नांदेडची एसटी लागली होती, आणि ती वर्षाला घेऊन निघूनही गेली. रिकामी पिशवी घडी घालताना उमादेवीच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. ओटीत घातलेलं परत मागायची सोय नसते.

घरातला दिवा तिनं टीव्हीच्या टेबलावर ठेवला. रोज दिवेलागणीला तो पिवळा व्हायचा. तिकडं वर्षानं बोट ठेवलेलं असायचं. उमादेवी पिठाचा हात पदराला पुसत यायची आणि बोट टेकवून उत्तर द्यायची. वीरण्णा टीव्हीत डोळे खुपसून बसायचे. एक शब्द विचारला नाही त्यांनी.

एकदा वर्षा फोनवर म्हणाली, "आई, शनिवारी दुपारी कितीदा दाबतीस गं? सारखा लागूनच असतो."

शनिवारी दुपारी उमादेवी अजूनही वाचनालयात वर्गाला असायची. घरात असायचे ते आडतीवरून जेवायला आलेले वीरण्णा, एकटेच. उमादेवी काही बोलली नाही, लेकीलाही आणि नवऱ्यालाही. त्या दिवशी त्यांच्या वरणावर तिनं तुपाची धार मात्र जरा जास्तच सोडली.

आणि मग इंदूताईंचा फोन आला. किटची मुदत एकदा वाढवून झाली होती. लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेतल्या मुली किटची वाट बघत होत्या.

"एक दिवा न्हाई हो माझ्यापाशी," उमादेवी म्हणाली. "लेकीच्या ओटीत गेला."

"ओटीत?" इंदूताईंना हसावं की रडावं कळेना. "उमाताई, किट कुणी ओटीत घालतं का? जोडीतला एक गेला तर दुसरा काय कामाचा? दुसरा आणून बसवताही येत नाही. मुलींना काय सांगू मी?"

खरं होतं बाईचं. दुसऱ्याच्या लेकींचं अडवून आपल्या लेकीची हौस कशी पुरवायची? मागावं तर ओटी परत घेतल्यासारखं, आणि दिवा गेला तर बापलेकीमधलं होतं नव्हतं तेही संपणार. संध्याकाळी वीरण्णांपुढं चहा ठेवताना तिनं सगळं सांगून टाकलं. त्यांनी कप उचललाच नाही.

"ओटीतलं मागत नसतेत," ते म्हणाले.

"ते का मला ठाऊक न्हाई?"

"आईनं भरली, आईनं मागू नये." त्यांची नजर टीव्हीच्या टेबलावरच्या दिव्याकडं गेली. "मी कुठं भरली होती?"

सौद्यातून वाट काढण्यात ह्या माणसाची हयात गेलेली, पण ही एवढीशी वाट सापडायला त्याला दोन वर्षं लागली.

"लाव फोन."

तिनं फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"बोल आई," तिकडून आवाज आला. वीरण्णांनी घसा खाकरला.

"वर्षा," ते म्हणाले. "त्यो दिवा परत पायजे. वाचनालयाचा हाय."

"हाव अप्पा." वर्षा म्हणाली. "कुरिअरनं धाडू का?"

"नको. फुटंल." कपातल्या चहावर साय धरली होती. "घेऊन ये. एकटी येऊ नको, जावईबापूंनाबी आण. राहायला या."

उत्तरादाखल टेबलावरचा दिवा पिवळा झाला. फोन कानाला तसाच धरून वीरण्णा उठले, आणि उमादेवीच्या देखत त्यांनी दिव्यावर बोट ठेवलं.