वजनाचा रकाना

"सर, आता बघा हं," ती म्हणाली आणि दुसऱ्या बाळाच्या वजनाचा रकाना तिनं कोराच ठेवला.

पडद्यावर औषधाची मात्रा आली. निमूटपणे, कसलीही कुरकुर न करता.

सरांनी चष्मा वर सारला. "आली की! मग बिघडलं कुठं?"

"ही मात्रा आधीच्या बाळाची आहे. ते चार किलोचं होतं. वजन मिळालं नाही की प्रोग्राम मागचंच धरून बसतो."

नवजात बाळांना औषध किती द्यायचं हे ठरवणारा तो प्रोग्राम म्हणजे सरांचं अकरा वर्षांचं संशोधन. पुढच्या महिन्यात तो चाळीस रुग्णालयांत बसायचा होता. त्याआधी त्याची साफसफाई तिच्याकडे आली. दुसऱ्यांनी घाईघाईत लिहून टाकलेलं निस्तरण्यातच तिची वीस वर्षं गेली होती. ऑफिसात मागून तिला 'झाडूवाली' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, हसूही यायचं. या खेपेला मात्र हात अडखळत होता. तिला पहिला प्रोग्राम लिहायला शिकवला तो सरांनीच. आणि आता त्यांच्याच ओळींखाली जागोजागी शेरे सापडत होते: 'नंतर बघू.'

"अकरा वर्षांत एकदाही चुकला नाही गं तो," सर म्हणाले.

"जुन्या नोंदी चाळल्या मी. एकही रकाना कोरा नाही. सगळी वजनं वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी भरलीयत."

सरांनी पडद्यावरचा तो कोरा रकाना पुन्हा एकदा पाहिला.

"बाळ काट्यावर ठेवल्याशिवाय मला मशीनला हात लावू द्यायची नाही ती. मी चिडायचो. म्हणायचो, सिस्टर, तुमच्यापायी खोळंबा होतोय. शोधनिबंधात नाव घालायचं राहूनच गेलं तिचं. कुठं असते आता?"

"गेल्या त्या, सर. दोन महिने झाले."

सरांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "ही एवढी चूक काढलीस तर भागेल?"

'हो' म्हणणं सोपं होतं. संस्थेच्या संचालकांनाही तेच हवं होतं. सकाळपासून त्यांचे तीन फोन येऊन गेले होते.

"नाही, सर. अशा आणखी किती असतील, सांगता येत नाही. बहुतेक सगळं नव्यानं लिहावं लागेल. वर्ष तरी जाईल."

"तेवढा वेळ डॉक्टर मला देत नाहीयेत," सर म्हणाले. बस चुकल्याचं सांगावं तसं. "माझं काय उरेल त्यात?"

"तुमचं मात्रेचं सूत्र उरेल."

"एक ओळ."

"हो. एक ओळ."

त्यांनी कागद मागून घेतला. संचालकांना पत्र लिहायला बसले: यंत्रणा वापरात आणू नये. दोष माझा आहे. ती तपासणाऱ्या बाईंचा नाही.

कागद सारखा सरकत होता. तिनं त्याच्या कोपऱ्यावर तळवा टेकवला आणि सही पूर्ण होईपर्यंत तसाच दाबून धरला.