पंधरा दिवसांची चिठ्ठी

१९८८ सालच्या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या वाचनालयाने श्रीलंकेतल्या जवानांसाठी पुस्तकं गोळा केली. आपल्या भागातली बरीच मुलं शांतिसेनेबरोबर तिकडे गेली होती. त्यांतल्या एकाने घरी लिहिलं होतं, 'पहारा संपला की वेळ जाता जात नाही. मराठीत वाचायला काही असलं तर पाठवा.' ते पत्र वाचनालयात फिरलं आणि आम्ही कामाला लागलो.

लोकांनी एकशेवीस पुस्तकं दिली. सुटलेली पानं गल्लीतल्या बाइंडर फक्रुद्दीनचाचांनी शिवून दिली. बाकी सगळं कुलसुमने केलं. ती माझी जुनी विद्यार्थिनी. बी.ए. होऊन दोन वर्षं ती वाचनालयात बिनपगारी राबत होती. जूनमध्ये ग्रंथपालाची जागा भरायची होती आणि ती आपल्याला मिळावी एवढीच तिची इच्छा होती.

"पार्सलं नीट पोचू देत, मग बघू," कार्यवाह सयाजीराव तिला म्हणाले होते.

पार्सलं गेली त्याच संध्याकाळी ती कावरीबावरी होऊन माझ्याकडे आली.

"गुरुजी, घोळ झाला. सगळ्या पुस्तकांत तारखेची चिठ्ठी चिकटवली मी."

"आपली नेहमीची?"

"व्हय की. पुस्तक हातात आलं की डिंकाकडं हात जातोय आपोआप."

त्या चिठ्ठीवर वर छापलेलं असे, 'पंधरा दिवसांत परत करावे, अन्यथा दंड पडेल.' खाली नाव आणि तारखेचे रकाने.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात हे कळताच सयाजीराव भडकलेच. "जीव धोक्यात घालून गेलेल्या पोरांना दंड? आन् परत कसं आणायचं त्यांनी, पोहत? ही म्हनं ग्रंथपाल हुणार!"

चाचांना हसू आलं. कुलसुमला आलं नाही.

"ज्यांच्या बाबतीत चूक झाली त्यांनाच लिही," मी म्हणालो.

तिने लिहिलं, 'ती सूचना तुमच्यासाठी नाही. पुस्तकं तुमचीच आहेत. माफ करा.'

उत्तर आलं नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. जागेसाठी सयाजीरावांनी दुसऱ्या एकाचं नाव पुढे केलं. कुलसुम तरीही रोज वेळेवर येऊन कपाटं उघडत होती.

मेच्या अखेरीस, ग्रंथपालाच्या निवडीसाठी कार्यकारिणी बसली त्याच दिवशी पत्र आलं. गडमुडशिंगीच्या हवालदार आकारामचं होतं. सयाजीरावांनी चष्मा चढवून मोठ्याने वाचायला घेतलं.

'ताई, चिठ्ठी बघून आम्ही आधी पोटभर हसलो. मग म्हटलं, नियम आहे तर पाळू. चार चौक्यांवर तीस-तीस पुस्तकं वाटली. दर पंधरा दिवसांनी रसदीच्या गाडीतून अदलाबदल करतो. प्रत्येक जण चिठ्ठीवर नाव-तारीख घालतो, त्यामुळे आजवर एकही पुस्तक हरवलेलं नाही. उशीर करणाऱ्याला दंड आहे. त्याने सगळ्यांना एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायचं. आमचा ज्ञानू आता मुद्दाम उशीर करतो. माफी कसली मागता? रकाने भरत आलेत. दोनशे नव्या चिठ्ठ्या पाठवा.'

सयाजीरावांनी पत्र पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. मग चष्मा काढला.

"हितं बसून पोरगी समुद्रापल्याड चार वाचनालयं चालवतीय," ते म्हणाले, "आन् आपण एक चालवायला माणूस हुडकतोय. बोलवा तिला."

कुलसुम दारातच थांबली.

"तिथं का उभारलीस? ये, बस. न्हाय, स्टुलावर न्हाय. खुर्चीवर."

दुसऱ्या दिवशी तिने हवालदारांना पत्र लिहिलं आणि खाली सही केली, 'कुलसुम अमीन मुजावर, ग्रंथपाल.' दोनशे चिठ्ठ्यांचा गठ्ठा बांधून तयार होता, टपालाची वेळ होत आली होती. पण सहीची शाई पुरती वाळेपर्यंत ती काही पाकीट बंद करेना. आम्हीही कुणी तिला घाई केली नाही.