टाचांची तपासणी

डॉ. स्वप्नाली मगदूम यांनी अंबूबाईंची टाच मांडीवर घेतली आणि भेगेला मोजपट्टी लावली. अंबूबाईंनी पाय आखडून घेतला.

"आवं, पाय कशाला मांडीवर घेताय? एवढ्या शिकल्यासवरल्या तुमी."

"टाच नीट दिसायला हवी, मावशी. सैल सोडा."

भेग निम्म्यानं भरली होती. आधीच्या बाईची निम्म्यानंच, तिच्या आधीच्या सगळ्यांचीही तेवढीच. समाजमंदिराच्या ओट्यावर टाचा घासूनपुसून बसलेल्या बायका खुशीत होत्या, आणि स्वप्नाली मात्र वहीतले आकडे पुन्हा पुन्हा पाहत होती.

सांगलीच्या कॉलेजात तीन वर्षं खपून तिनं हळदीच्या पानांपासून हे मलम केलं होतं. ते गुणकारी आहे की नाही, हे कराडजवळच्या या गावातल्या टाचा ठरवणार होत्या. निम्म्या ट्यूबांत औषध, निम्म्यांत नुसतंच पिवळं मलम. कुणाला काय मिळालं ते तिलाही माहीत नव्हतं. काही टाचा भरायला हव्या होत्या, काही नाही. सगळ्यांच्या सारख्याच भरल्या, म्हणजे औषध आणि बिनऔषध एकच. तीन वर्षांची मेहनत पाण्यात. तिला अगदी रडू यायचंच बाकी होतं.

"मावशी, ट्यूब रोज लावत होता ना?"

"रोज. मीच वाटीवाटीनं देत हुते की समद्यांना."

"वाटीवाटीनं?"

"तुमीच म्हणालासा, निम्म्यांत औषीद न्हाई. आता एकीची टाच बरी व्हायची आन शेजारणीनं लंगडत शेतात भांगलायला जायचं, हे बरं दिसतं का? समद्या ट्युबा पातेल्यात पिळल्या, रवीनं घोटलं आन सारखं वाटून घेतलं."

"मी बजावलं होतं ना, आपली ट्यूब दुसरीला द्यायची नाही म्हणून?"

"कुठं दिली? एकत्र केली."

ओटाभर खसखस पिकली. स्वप्नालीला आधी संताप आला, मग हातातली मोजपट्टी गळाली आणि तीही हसत सुटली. म्हणजे औषध फसलं असं ठरत नव्हतं. निम्मं पातळ होऊनही कदाचित त्यानंच या भेगा भरल्या होत्या. कदाचित नुसत्या घासण्यापुसण्यानंही भरल्या असतील. पुरावा हवा तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिच्या अंगात हुरूप आला.

"आता असं करते, मावशी. तुमच्या गावाला सगळं औषधाचंच मलम. आणि नुसतं मलम दुसऱ्या गावाला, लांबच्या. तिथल्या बायकांना अजून यातलं काहीच मिळालेलं नाही. मग कुठं एकत्र करता बघते."

"लांब म्हंजी कुठं?"

"कवठे महांकाळच्या बाजूला." तिनं गावाचं नाव सांगितलं.

अंबूबाईंचा चेहरा एकदम खुलला.

"आवं, तिथंच तर माझी थोरली दिलीया. दिवाळीला आल्ती, तवा जाताना डबा भरून दिला की तिला."

"कसला डबा?"

"मलमाचा."

स्वप्नालीनं डोळे मिटले, उघडले. विचारू नये असं वाटत असतानाच तिनं विचारलं,

"आणि तिथल्या टाचा कशा आहेत?"

"कुणाच्या इचारताय? तिच्या, का तिच्या जावांच्या?"